खिशातला चाकू कसा पारखाल?



कोयता, विळा, कुऱ्हाड ही अवजारे आपण पारखून घेतो. लोहाराच्या भात्यापाशी बसून पोलादाला पाणी नीट दिले की नाही ते पाहतो. पण बंडीच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत रोज बाळगायचा घडीचा चाकू मात्र आठवडे बाजारात चकाकी पाहून उचलतो. दोन महिन्यांत त्याचे पाते खुळखुळू लागते आणि मग आपण म्हणतो, "हल्लीचा मालच असा!"

या लहानशा वस्तूला दिवसभरात कामे किती! सुतळी तोडायची, ठिबकची नळी कापायची, जुडी बांधायला केळीचा सोप चिरायचा, बांधावर पोरांना पेरू कापून द्यायचा. आणि एखाद्या रात्री गोठ्यात म्हैस दाव्यात अडकून पडते, फास आवळत जातो, जनावर धडपडू लागते. अशा वेळी घरातून विळा आणण्याइतकी सवड नसते. खिशातला चाकू तिथल्या तिथे उघडला पाहिजे, दावे झटक्यात तुटले पाहिजे आणि ओढताना पाते आपल्याच बोटांवर मिटता कामा नये. चाकू घेताना हाच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवा.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. गेलेली धार घरच्या घरी पुन्हा लावता येते, पण झिजलेला सांधा सहसा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून घडीचा चाकू धारेवरून नव्हे, सांध्यावरून निवडावा.

सांध्याची परीक्षा

दुकानातच चाकू आठ-दहा वेळा उघडून मिटवून पाहा. पाते न अडखळता, सारख्या जोराने फिरले पाहिजे. मग ते पूर्ण उघडा, पात्याला फडके गुंडाळून टोकाजवळ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. नव्या चाकूतच खुळखुळ जाणवली तर तो खाली ठेवा. वापराने ती वाढणारच. मिटवल्यावर पाते खाचेच्या मधोमध बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर जोडणी वाकडी आहे. टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर ते खिसाही फाडील आणि मांडीही.

मुठीत डोकावून पाहा. दोन्ही बाजूंना आतून पितळेच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या असल्या की रिव्हेटला आधार मिळतो. नुसत्या पातळ प्लास्टिकमध्ये ठोकलेली रिव्हेट आपले भोक मोठे करत जाते. काही चाकूंना रिव्हेटऐवजी स्क्रू असतो. तो पुन्हा आवळता येतो, हा फायदाच आहे.

अडसर हवाच

साध्या घडीच्या चाकूचे पाते केवळ पाठीतल्या कमानीच्या जोरावर उघडे राहते. तिथे कुलूप नसते. फळ कापायला एवढे पुरते. पण टोक खुपसून भोक पाडताना किंवा पाते आत अडकल्यावर मागे ओढताना पाठीवर दाब येतो आणि पाते बोटांवर मिटते. शेतकामासाठी पाते उघडल्यावर जागी अडकवून ठेवणारा अडसर असलेला चाकू घ्या. कोणात तो पाठीवर असतो, कोणात मुठीच्या आतली पट्टी पात्यामागे सरकते, कोणात मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे असते.

अडसर तपासण्याची रीत सोपी आहे. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि उघड्या पात्याची पाठ लाकडावर दोन-तीनदा हलकेच आपटा. अडसर सुटला तर तो चाकू फुकट मिळाला तरी नको.

फिरत्या कड्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. फ्रान्समधील सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये खेड्यातल्या कष्टकऱ्यांसाठी एक साधा चाकू घडवला. लाकडाची मूठ, एक पाते, एक सांधा, एवढाच कारभार! १९५५ पासून त्याला फिरते कडे आले. तसा चाकू आजही बनतो. त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. भाग जितके कमी, तितका बिघाड कमी. कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू असा बारा गोष्टींचा बाजार एका मुठीत भरलेला स्वस्त चाकू चिखलमातीत फार दिवस टिकत नाही.

पाते कसे असावे?

सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच लांबीचे पाते रोजच्या कामाला भरपूर होते. पाठीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असली की पुरे. फार जाड पाते फळ चिरत नाही, फोडते.

पोलाद दोन तऱ्हेचे मिळते. साधे कार्बन पोलाद धार चटकन घेते, पण गंजते. लिंबू, चिंच, कांदा यांचा रस लागला की काळे पडते. तो काळेपणा दोष नव्हे, लाल गंज मात्र दोष. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असते. ते ओल सोसते, पण धार लावायला बहुधा जास्त वेळ घेते. कोकणातल्या पावसात किंवा रोज खतात हात घालणाऱ्याला न गंजणारे बरे. ज्याला संध्याकाळी पाते पुसून ठेवायची सवय आहे त्याने कार्बन पोलाद खुशाल घ्यावे.

बाजारात जाताना खिशात लहानसा लोहचुंबक ठेवा. ताट-वाट्यांचे बरेचसे स्टील चुंबकाला धरत नाही आणि त्याला पाणी देऊन कठीणही करता येत नाही. पात्याला चुंबक मुळीच चिकटला नाही तर त्याची धार टिकणार नाही असे समजा. चिकटला म्हणजे उत्तमच, असे मात्र नाही. घरी आणल्यावर मुठीजवळच्या भागावर कानसेचा कोपरा हलकेच ओढा. कानस घसरली तर पाणी चांगले चढले आहे. लोण्यात शिरावी तशी रुतली तर पाते मऊ आहे.

मुठीविषयी एवढेच सांगतो की ओल्या, चिकट हाताला ती निसटू नये. लाकडी मूठ भिजून फुगते आणि पाते आत घट्ट बसते. मुठीला लाल किंवा पिवळी दोरी बांधा. गवतात पडलेला चाकू त्यामुळे लगेच दिसतो.

कायद्याची बाजू

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, मात्र शेती व घरकामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या कितीतरी आत आहे. तरी बटण दाबताच खाडकन उघडणारा चाकू घेऊ नका. त्याची स्प्रिंग मातीने अडते आणि पोलिसांच्या नजरेत तो नाहक संशय ओढवतो. निवडणूक, सणवार किंवा तंट्याच्या दिवसांत शस्त्रबंदीचा हुकूम निघतो. अशा वेळी आणि कोर्टात जाताना चाकू घरी ठेवा. विमानात हातातल्या पिशवीत तो चालत नाही.

निगा राखली तरच टिकेल

चाकूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपला उतावीळपणा. डब्याचे झाकण उचकटायला, स्क्रू पिळायला पाते वापरले की टोक मोडते. मोडलेला तुकडा वैरणीत गेला तर फार वाईट. गाय-म्हैस वैरण नीट न चावता गिळते. टोकदार लोखंड जाळीपोटात अडकते आणि पुढे हृदयापर्यंत घुसू शकते. म्हणून तुकडा सापडेपर्यंत ती वैरण जनावरापुढे टाकू नका. जनावराचे पोट फुगले तर खिशातल्या चाकूने भोसकण्याचे धाडस कधी करू नका, पशुवैद्यकांना बोलवा.

नायलॉनच्या दोरीची टोके वितळवण्यासाठी पाते चुलीत तापवणारे पुष्कळ आहेत. त्याने पोलादाचे पाणी उतरते. विजेच्या चाकावर घाईने धार लावताना पात्यावर निळसर छटा आली तरी तेच झाले असे समजा. धार दगडावर पाणी टाकून हाताने लावा. पाते दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सहा-सात मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या अर्ध्या जाडीइतकी उचलून धरा. दोन्ही बाजू सारख्या घासा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि जोराने घसरलेला चाकूच हात कापतो. जखम झालीच तर स्वच्छ धुवा, आणि शेणामातीतली असेल तर आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या लसीविषयी विचारा.

काम संपल्यावर पाते धुऊन कोरडे करा. पात्याला खोबरेल, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, लाकडी मुठीला जवसाचे तेल, अशी वाटणी ठेवा. जवसाचे तेल सुकून चिकट होते, म्हणून ते सांध्यात घालू नका.

बागायतदारांना एक विनंती. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो, आणि कापणाऱ्या हत्याराबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. रोगट फांदीला लागलेला चाकू स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. कलमांसाठी तर वेगळा चाकू ठेवा. ज्याने सुतळी तोडली, ठिबकची नळी कापली, त्याने डोळा भरला तर काप स्वच्छ येत नाही आणि कलमे वाया जातात.

येत्या बाजाराला चाकू घ्यायला निघालात की पाते हलवून पाहा, पाठ आपटून पाहा, चुंबक लावून पाहा. सारे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. रात्री गोठ्यात दावे तोडायची वेळ येईल तेव्हा चाकू आणि बोटे तुमची असतील, त्याची नव्हे.