हुशार पोराच्या आईबापांचे काय?

मारेगावात पाचवीतले पोर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसते, तेव्हा साऱ्या घराला घोर असतो गुणांचा. पण तेच पोर वर्गाच्या पुढे धावते, प्रश्नांनी भंडावते, कंटाळून खोड्या काढते, तेव्हा कापूस वेचून आलेल्या आईने बोलायचे कुणाशी? पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी उभी केली. तिची मानसशास्त्र संस्थाही आहे. पण मारेगावच्या पालकाला पुणे लांब. (पोराला ‘आगाऊ’ म्हणणे तेवढे फुकट पडते.) अशा दहा-बारा आईबापांना महिन्यातून एकदा समुपदेशकासमोर एकत्र बसवायला पंचायत समितीचे सभागृह पुरे. एकाचे ऐकून दुसऱ्याला धीर येतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी कापसाची वेचणी सुरू होण्याआधी पहिली बैठक बोलवावी.