सूक्ष्मदर्शक तिथे प्रजाती

माइट म्हणजे गोचिडीच्या गोतातले सूक्ष्म जीव. त्यांच्या नव्या प्रजाती जगात कुठे कुठे सापडल्या याचा नकाशा काढला, तर तो माइटचा नकाशा होत नाही. माइट ओळखणारी माणसं कुठे पगारावर होती, त्याचा तो नकाशा होतो. हे ठासून सांगायचं कारण असं, की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याबद्दल ‘तिथे काय असणार, कंपन्या आणि चाळी!’ असं बेधडक बोलणारे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मला भेटले आहेत. न बघता हे बोलायला यांची जीभ धजते कशी?

लिनियसने १७५८ मध्ये जेमतेम तीसेक माइटना नावं दिली. आज नाव मिळालेल्या प्रजाती पंचावन्न हजारांच्या घरात आहेत आणि खरा आकडा पाच ते दहा लाखांपर्यंत जाईल, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे दहातल्या नऊंना अजून नाव नाही. ज्यांना मिळालं, त्यांना ते कुणामुळे मिळालं ते बघा. फ्लोरेन्सला बर्लेसे होते, म्हणून इटलीचे माइट कळले. आर्न्हेमच्या शाळेत शिकवणाऱ्या औदेमान्सनी १९०४ मध्ये थेट जावा बेटावरच्या मधमाशीच्या माइटचं वर्णन केलं. कॅलिफोर्नियाच्या शेती खात्यात कीफर बसले आणि झाडांवरच्या एरिओफाइड माइटची रांगच लागली. आपल्या देशात कोलकात्याला एस. के. गुप्ता, कल्याणी विद्यापीठात समीरण चक्रवर्ती, बंगळुरूला चन्नबसवण्णा, कालिकतला एम. ए. हक. म्हणून बंगाल, कर्नाटक, केरळ भरलेले दिसतात. सह्याद्री काही केरळच्या वेशीवर संपत नाही. तो मलंगगड आणि ताहुलीच्या रूपाने आमच्या खिडकीत उभा आहे.

अंबरनाथला रस्त्याकडेचा कोणताही करंज बघा. पानांवर हिरव्या-पिवळट गाठी उभ्या असतात. लोकांना वाटतं झाडाला रोग पडला. एक गाठ ब्लेडने उभी चिरा आणि चांगल्या भिंगाखाली धरा. आतल्या लवीत पांढुरकी, गाजरासारखी निमुळती शरीरं हलताना दिसतात. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा आणि पाय आठ नव्हे, फक्त चार, तेही सगळे डोक्याकडे. गाठ झाडाची, पण ती झाडाकडून करून घेणारा हा एरिओफाइड. यातले बहुतेक एकाच जातीच्या किंवा तिच्या अगदी जवळच्या झाडांवर जगतात. मग बदलापूरच्या जांभळांवर कोण आहे? कोंडेश्वरच्या वाटेवरच्या कुड्यावर, ऐनावर कोण आहे? ज्या जंगलात झाडांच्या इतक्या जाती, तिथे नवे माइट नसतील असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करून दाखवावं.

पाचोळ्यातले माइट काढायला फार काही लागत नाही. पत्र्याचं नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर पाचोळा, वर चाळीसचा बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. वरून पाचोळा सुकत जातो, माइट ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. नरसाळ्याची मूळ युक्ती बर्लेसेंनी १९०५ च्या सुमारास दिली, बल्ब नंतर आला. अवघड काम त्यानंतरचं. एकेक जीव काचपट्टीवर चढवायचा, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे केस मोजायचे, जुनी वर्णनं धुंडाळायची. याला वर्षं लागतात, आणि नेमकी ती वर्षं द्यायला कुणी तयार नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला माइटवर पीएचडी करायची होती. मार्गदर्शकाने तिला सांगितलं, ‘यात इम्पॅक्ट फॅक्टर नाही, दुसरं काही घे.’ नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ इतर किती देतात, त्यावरून ठरणारा हा आकडा. तिने दुसरं घेतलं. हा एका माणसाचा करंटेपणा नाही, ही पद्धतच सडलेली आहे. माइटतज्ज्ञ झी-च्यांग झांग यांनी २००१ मध्ये ‘झूटॅक्सा’ हे संशोधन नियतकालिक सुरू केलं. जगातल्या नव्या प्राणी प्रजातींचा फार मोठा वाटा त्यात छापून येतो. २०२० मध्ये ते स्वतःचेच संदर्भ फार देतं म्हणून त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं. जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ खवळले, तेव्हा काही आठवड्यांत ते परत घेतलं. जुन्या वर्णनाचा हवाला दिल्याशिवाय नवी प्रजाती मांडताच येत नाही, एवढं साधं ज्यांना कळत नाही, ते संशोधकांच्या नोकऱ्या ठरवतात!

‘उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला जावं. गोचीड ही माइटच्याच गोतातली. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मेली, माणसं तापाने दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं गोचिडी गोळा करत जंगलात हिंडली. या तापाची मुख्य वाहक ठरलेल्या हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचं वर्णन १८९७ मध्येच झालेलं होतं, म्हणून तिला नावाने ओळखता आलं. त्याच भागातल्या एका नव्या गोचिडीला १९६४ मध्ये हिमाफायसॅलिस क्यासनूरेन्सिस हे नाव मिळालं. तोच माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माणसं मारत होता. माणसं मेल्यावरच जंगलात सूक्ष्मदर्शक न्यायचा, हा कुठला शहाणपणा?

२०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. योग्यच झालं, आणि ठाणे जिल्ह्यात बघणारा असला की नवं सापडतं, हेही त्यातून दिसलं.

इथे तर वेळही हातातून चालला आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, १०६० च्या शिवमंदिराला वळसा घालते आणि पुढे उल्हासनगरपर्यंत तिचं गटार होतं. पाण्यातले माइट घाणीत टिकत नाहीत. तिच्यात पूर्वी कोणते होते, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. बारवी धरणाची उंची वाढवली, जंगल पाण्याखाली गेलं. त्या पाचोळ्याचं कुणी एक नरसाळं तरी लावलं होतं का?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पालिकेला समिती आणि नोंदवही सक्तीची केली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकल्यास महिना दहा लाखांचा भुर्दंड. त्या घाईत उरकलेली इकडचीच एक नोंदवही मी पानन् पान वाचली. वड, पिंपळ, बुलबुल, फुलपाखरं. माइट शब्दसुद्धा नाही. या तिन्ही शहरांच्या पालिकांनी मिळून एका संशोधकाचा तीन वर्षांचा पगार आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक द्यावा. पैसे नाहीत हे मला ऐकवू नये, चौकातल्या कारंज्यांना आणि सेल्फी पॉइंटना ते बरोबर सापडतात. नमुने ठेवायची चिंताही नको. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, बदलापूरहून निघालं तर अर्ध्या दिवसात तिथे पोचता येतं.