औषधाआधी आहार आणि आवास

आपल्या कोणत्याही विश्वस्त संस्थेचा वार्षिक अहवाल उघडावा. आरोग्याच्या सदराखाली शिबिरे, औषधे आणि शस्त्रक्रियांसाठी दिलेले साहाय्य यांची नोंद असते. रुग्ण कोणत्या खोलीत राहतो आणि त्याची मिळकत किती, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. क्षयासारख्या रोगाचे मूळ मात्र बहुधा याच दोन ठिकाणी असते.

मुंबईला याचा अनुभव जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले ते मांडवीत, धान्याच्या वखारींच्या आणि दाट चाळींच्या वस्तीत. १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे प्रशस्त मार्ग निघाले. परंतु आरंभीच्या काळात जितकी घरे पाडली तितकी बांधली गेली नाहीत, आणि उठवलेली कुटुंबे शेजारच्याच चाळींत शिरली. रस्त्याला वारा मिळाला; खोली अधिकच कोंदट झाली.

झोपडीच्या जागी पक्के घर देण्याचे आजचे धोरण निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तेथील पाहणीत क्षयाचे प्रमाण या खालच्या मजल्यांवरच अधिक आढळले. हा रोग हवेतून पसरतो, हे बांधकाम व्यवसायातील आपल्या बांधवांनी आराखडा संमत करतानाच ध्यानात घ्यावयास हवे.

आहाराचा पुरावा तर अधिक ठोस आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हा शिधा न मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत त्यांच्यातील क्षयाची नवी लागण सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. तांदूळ आणि डाळ, एवढेच! निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आजच्या डाळीच्या भावात ही रक्कम किती दिवस पुरते, हे किराणा व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार आणि औषध यांच्या जोडीला आवासदानही सांगितले आहे. मूळ संदर्भ मुनिजनांच्या वैयावृत्त्याचा आहे, हे मान्य. तरी श्रावकाच्या दृष्टीसमोर निवारा होता, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शासनाची धोरणे शासन ठरवील. परंतु पेढीवरील माणसाचा पगार आपणच ठरवतो, आणि गावाहून आलेला गडी रात्री कोठे झोपतो हेही आपणच ठरवतो. दुकानाच्या पोटमाळ्यावर चार-पाच जण, खाली ओढलेले शटर, खिडकीच्या जागी मालाची खोकी. हे दृश्य बाजारपेठेत नवे नाही. त्यांपैकी एकास खोकला लागला तर उरलेल्यांचे काय होईल, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत नसतो. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, आणि ती किमान सहा महिने घ्यावी लागतात. ती आणावयास गेलेल्या दिवसाचा पगार मात्र अनेक पेढ्यांवर कापला जातो.