चामडं, तेल आणि माझी चूक



पत्रांचा गठ्ठा उघडला की आधी कौतुकाची पत्रं वाचायची, अशी माझी एक वाईट खोड आहे. गेल्या आठवड्यात मात्र पहिलंच पत्र हाताला लागलं ते चिपळूणच्या एका भगिनीचं, आणि ते वाचता वाचता पुढ्यातला चहा गार होऊन गेला.

त्या लिहितात, "ताई, मे महिन्यात तुम्ही लिहिलं होतंत की चामड्याच्या वस्तूंना महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवावा, म्हणजे चामडं मऊ राहतं. आमच्याकडे नुकतीच गाडी आली होती. सेकंडहँड, पण घरातली पहिलीच, ह्यांनी कर्ज काढून घेतलेली. सीटा खऱ्या चामड्याच्या. नणंदेच्या साखरपुड्याला जायचं म्हणून मी आदल्या दिवशी हौसेने सगळ्या सीटांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या नव्या इरकलीला मागून तेलाचे डाग पडले, आणि तेही चारचौघांत. पाऊस सुरू झाला तशी सीटांवर पांढरी बुरशी धरली. आता दार उघडलं की खवट वास येतो. सासूबाई म्हणतात, साप्ताहिकं वाचून संसार होत नाहीत. हे काही बोलत नाहीत, पण दर रविवारी एकटेच फडकं घेऊन सीटा पुसत बसतात. तेच मला जास्त लागतं."

शाळेत मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवते. आज माझ्याच वहीत लाल रेघ मारायची पाळी आली आहे. सल्ला चुकला होता, आणि तो माझा होता.

तो मी कुठून आणला, तेही सांगते. माझ्या आजोळी आजोबांच्या कोल्हापुरी वहाणा असत. पावसाळा सरला की त्या पुसून, सावलीत वाळवून त्यांना तेल लावायचं काम आम्हा नातवंडांकडे असे. वहाणा वर्षानुवर्षं टिकत. ‘चामड्याला तेल’ हे माझ्या डोक्यात बसलं ते तिथलं. आमच्या स्वतःच्या गाडीच्या सीटा रेक्झिनच्या. म्हणजे चामड्याच्या सीटवर एकदाही करून न पाहता मी तुम्हाला सांगून मोकळी झाले!

पत्र आलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या सांगलीतल्या एका कुशनवाल्यांकडे गेले. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, जुन्या सीटचा एक तुकडा काढला आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. अळूच्या पानावर राहावा तसा थेंब वरच राहिला. मग कोऱ्या, रंग न दिलेल्या चामड्यावर टाकला. तो जिरला आणि तिथे काळपट डाग उमटला. ते म्हणाले, "ताई, जे पाणी पीत नाही ते तेल कुठून पिणार?"

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

चामडं चामड्यात फरक

कोल्हापुरी वहाणेचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या द्रव्यांनी कमावतात. त्यावर रंगाचा जाड थर नसतो. ते उघडं असतं, वाळतं, आणि दिलेलं तेल पितं. (या वहाणांना 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) तिथे आजोबांचं शास्त्र बरोबर होतं आणि आजही आहे.

गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर देतात, आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ, पारदर्शक थर. आपण सीट पुसतो तेव्हा खरं म्हणजे हा वरचा थर पुसत असतो. तेल लावलं की ते वरच राहतं. मग ते शिवणीतून, बारीक भोकांतून आतल्या फोममध्ये उतरतं, कपड्यांना लागतं, धूळ धरून ठेवतं आणि काही दिवसांनी खवट होतं. त्यावर बसणं-उठणं झालं की ती धूळ पॉलिश पेपरासारखी घासत राहते. आणि तेल, घाम, मळ नि पावसाळी दमट हवा एकत्र आली की बुरशीला पाटावर पान वाढल्यासारखंच झालं!

आधी ओळख पटवा

विक्रेता ‘लेदर’ म्हणाला म्हणजे ते चामडंच असतं असं नाही. पुष्कळ गाड्यांत लेदरेट, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम कापड असतं. काहींत बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि बाजू, पाठ रेक्झिनची. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका काढून बघा. सीटच्या खाली किंवा मागे एखादी न शिवलेली कड दिसली तर तीही बघा. मागच्या बाजूला विणलेलं कापड असेल तर रेक्झिन, मऊ तंतू असतील तर चामडं. धुण्याची रीत दोन्हींना एकच, फक्त रेक्झिनला चामड्याचं लोशन लावायची गरज नाही. आणि सीटवर टाकलेला थेंब लगेच जिरला, तर ते उघडं चामडं. त्याला घरचे प्रयोग नकोत, जाणकाराला दाखवा.

साफ कसं करायचं

महिन्यातून एकदा पुरे. आधी कोरडी धूळ काढा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, नाही तर मऊ ब्रश. शिवणींतले बिस्किटांचे कण, वाळू राहू देऊ नका. नंतर अर्धा लिटर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे पाच-सहा थेंब घाला. जुन्या पंचाचं किंवा मलमलीचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी ठिबकता कामा नये. पहिल्यांदा करत असाल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात पुसून बघा, फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर एकेक भाग हलक्या हाताने पुसा, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, आणि लगेच कोरड्या फडक्याने. सीटला बारीक भोकं असतील तर फडकं आणखी कोरडं हवं. गाडी सावलीत, दारं उघडी ठेवून वाळू द्या. उन्हात नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच.

तीन-चार महिन्यांतून एकदा गाडीच्या चामड्यासाठी मिळणारं, पाण्यात मिसळणारं लोशन अगदी पातळ लावा, दहा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. तेलकट किंवा चकचकीत करणारं काही घेऊ नका. डॅशबोर्डाचं पॉलिश सीटला लावलं तर सीट निसरडी होते.

धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, लिंबू, टूथपेस्ट, स्पिरिट, नेलपेंट काढायचं औषध यांतलं काहीही सीटजवळ नेऊ नका. चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी, आणि सोडा, साबण क्षारधर्मी. दोघांचं जमत नाही. नेलपेंटचं औषध तर वरचा थरच विरघळवतं. बूटपॉलिशचा रंग तुमच्या साडीवर उतरेल.

डाग पडलेच तर

सांडलेलं दूध, चहा लगेच टिपून घ्या, चोळू नका. दूध राहिलं तर वास आठवडाभर पिच्छा सोडत नाही. कुंकू, हळद सांडली तर आधी कोरडीच झटका, ओलं फडकं लावलंत तर ती पसरते. च्युइंगम पिशवीत घातलेल्या बर्फाने कडक करून उचला. बॉलपेनची रेघ ताजी असेल तर ओलसर फडक्याने टिपून बघा, जुनी असेल तर जाणकारावर सोडा. नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या सीटवर उतरतो, म्हणून ती दोन-तीनदा धुऊन मगच घालून गाडीत बसा. आणि आपण केसांना तेल लावतो, तेव्हा डोकं टेकायच्या जागी धुता येईल असा नॅपकीन असू द्या.

पावसाळा आणि ऊन

बुरशीचं मूळ बहुतेक वेळा पायाखाली असतं. ओल्या चटया आणि ओली छत्री! चटया काढून वाळवा, छत्रीसाठी गाडीत एक पिशवी ठेवा. उघडीप मिळाली की अर्धा तास दारं उघडी टाका. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक कौतुकाने तसंच ठेवतात, ते काढून टाका, त्याखाली ओल कोंडते. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा, ते जमत नसेल तर पुढच्या काचेला आतून पडदा लावा. उन्हाने रंग उडतो आणि चामडं वाळून चिरतं. एक मात्र लक्षात ठेवा, सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर वरून घट्ट कव्हर शिवून घालू नका, अपघातात ती उघडायला अडथळा येतो.

चिपळूणच्या ताईंसाठी

आता ताई, तुमच्या सीटांचं. गाडी मोकळ्या हवेत काढा, नाकाला पदर बांधा. बुरशी आधी ओलसर फडक्याने टिपून काढा आणि ते फडकं टाकून द्या. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कोपऱ्यात आधी बघून, सीटा पुसा. पाठोपाठ साधं पाणी, मग कोरडं फडकं. तेल एका दिवसात निघणार नाही. वर सांगितलेल्या शाम्पूच्या पाण्याने दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन-चारदा पुसा. शिवणींत टिपकागद दाबून ठेवा, तो तेल ओढून घेतो. एवढ्यानेही वास गेला नाही, तर तेल फोममध्ये उतरलं असं समजा आणि कुशनवाल्याकडून कव्हर उघडून घ्या. आमचे कुशनवाले म्हणाले, वरचा थर फुटला नसेल तर सीट वाचते. इरकल घरी धुऊ नका, ड्रायक्लीनिंगला देताना डाग तेलाचा आहे हे सांगा.

आणि हे पान सासूबाईंना वाचून दाखवा. चूक सुनेची नव्हती, लिहिणारीची होती, हे त्यांना माझ्या शब्दांत कळू दे. साप्ताहिकं वाचून संसार होत नाहीत हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. साप्ताहिकात लिहिणारीने आधी करून बघावं, एवढंच मी त्यातून घेतलं. येत्या रविवारी मिस्टरांच्या हाताशी दुसरं फडकं घेऊन तुम्हीही बसा. दोघांत काम लवकर उरकेल.

मेमध्ये वाचून आणखी कुणी सीटांना तेल लावलं असेल, तर संकोच न करता लिहा. उत्तर देणं माझ्याकडे लागू आहे.