माइंड मॅप काढा, पण पुस्तक मिटून

जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. आता झेरॉक्सच्या दुकानात माइंड मॅपचे रंगीत संच मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट. मधोमध आजाराचं नाव, भोवती कारणं, लक्षणं, तपासण्या, औषधं अशा फांद्या. आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थिनीने असा एक संच आणला आणि मोठ्या हौसेने मला दाखवला. मी तो मिटून विंचूदंशाबद्दल विचारलं. ‘प्राझोसिन’ हे नाव तिला लगेच आठवलं. ते का द्यायचं, म्हटल्यावर मात्र गाडी अडली. “काका, तेवढंच दिलंय त्यात.”

मी जिल्ह्यातलाच फिजिशियन. माझ्यापुढे आजार शीर्षक लावून येत नाही. घाम फुटलेला माणूस येतो. म्हणून तिला कोरा कागद दिला आणि मधोमध पेशंट लिहायला सांगितला: शेतकरी, रात्री लाल विंचू चावला, हातपाय गार, घामाने चिंब. तिथून तिने एकेक धागा ओढला. विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, हे फिजिऑलॉजी. मग रक्तात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा, रक्तवाहिन्या आवळलेल्या, रक्तदाब चढलेला, हृदय थकलेलं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं, हे फार्माकॉलॉजीच्या तासाला ती शिकली होतीच. दोन वेगळ्या वह्यांतल्या गोष्टी एका बाणाने जोडल्या गेल्या. कागद गिचमिड झाला, खाडाखोड भरपूर. पण तो तिचा होता.

हा बाण वैद्यकशास्त्रात ज्यांनी ठळक केला ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. कोकणात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला, 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला आणि पुढे हेच औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जालन्याच्या मुलांना जोडून विचार करणं म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं?

टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरून माइंड मॅपचा प्रसार केला. मेंदूबद्दलचे त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत. लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा 2002 चा एक अभ्यास मात्र सांगतो की आठवड्यानंतरही माइंड मॅपवाल्यांच्या लक्षात थोडं जास्त राहिलं. ही पद्धत वापरायचा त्यांचा उत्साह तेवढा कमी होता. 2011 चा ‘सायन्स’ नियतकालिकातला प्रयोग आणखी बोलका आहे: पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे आराखडे काढणाऱ्यांपेक्षा मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे गेले. थोडक्यात, कष्ट आठवण्याचे हवेत. रंगीत पेनं शोभेपुरती.

सगळीकडे ही युक्ती चालत नाही, हेही मान्य. खांद्यातून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं शिकायला त्या जाळ्याचीच आकृती पुन्हा पुन्हा काढावी लागते. औषधांचे डोस घोकावेच लागतात. आणि विद्यापीठाच्या पेपरात शेवटी सलग वाक्यंच लिहायची असतात.

नव्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना एवढीच विनंती: ट्यूटोरियलची शेवटची पंधरा मिनिटं पुस्तकं आणि मोबाइल गोळा करा, मधोमध एक पेशंट द्या. कपाशीवर फवारणी करून आलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला शेतमजूर घ्या; फिजिऑलॉजीपासून विषशास्त्रापर्यंत सगळे विषय त्याच्यात सापडतील. आणि कागद तपासताना फांद्या मोजू नका, प्रत्येक बाणावर बोट ठेवून ‘का?’ विचारा.