जॉइंटची वही

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. त्याने खांब आडवे केले, माडांनी तारा खाली आणल्या आणि पुढे कित्येक दिवस गावेच्या गावे अंधारात होती. त्याच्या वर्षभर आधी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीची तीच गत केली होती. तेव्हापासून ‘तारा जमिनीखाली घाला’ ही मागणी मालवण-देवगडच्या किनाऱ्यापासून इकडे नांदगाव तिठ्यापर्यंत होत आली आहे. मागणी रास्तच आहे. घारापुरी बेटाला 2018 साली साडेसात किलोमीटर केबल समुद्रतळावरून नेऊन वीज दिली गेली, तेव्हा जमिनीवरच्या गावांना ती देणे अशक्य म्हणता येणार नाही. मात्र केबल पुरली की कटकट मिटली, हा समज या मागणीबरोबर फुकट मिळतो आणि तोच महागात पडणारा आहे.

11 केव्हीच्या आजच्या केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या गाभ्याभोवती एक्सएलपीईचा, म्हणजे रेणू एकमेकांत गुंतवून कणखर केलेल्या पॉलिथिनचा, जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा थर असतो. सगळी भिस्त त्याच्यावर. या थरात किंवा त्याला लागून हवेची बारीकशी पोकळी राहिली, की विजेचा ताण पॉलिथिनपेक्षा त्या हवेवर जास्त पडतो आणि तो सोसण्याची हवेची ताकद मात्र कितीतरी कमी. ताण पुरेसा असला तर थर शाबूत राहतो, पण पोकळीतली हवा फुटते. एवढीशी ठिणगी, केबलवाले तिला ‘पीडी’ (पार्शल डिस्चार्ज) म्हणतात. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. दर अर्ध्या आवर्तनाला एकच ठिणगी धरली तरी सेकंदाला 100 आणि वर्षाला 315 कोटी. प्रत्येक ठिणगी पोकळीच्या भिंतीतले थोडे रेणू तोडते, ओझोन तयार करते, ओल असेल तर आम्लही. भिंत खरवडली जाते, मग तिच्यातून केसाहून बारीक, फांद्या फुटत जाणारी पोकळ वाट निघते. ही वाट पलीकडे पोचली, की फॉल्ट. वाशाला आतून वाळवी लागावी तसा हा प्रकार आहे. बाहेरून रंग तसाच.

ओलीची तऱ्हा आणखी निराळी. पाणी आणि विजेचा ताण एकत्र आले, की ठिणगीशिवायही पॉलिथिनमध्ये धूसर झाडासारखे डाग वाढतात, तेही वर्षानुवर्षे, चूपचाप. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हे प्रथम ध्यानात आले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पाणी मुरू देणारा सच्छिद्र जांभा. चर खणला, त्यातून निघालेले जांभ्याचे टोकदार तुकडेच परत केबलवर लोटले, वाळूच्या गादीचे बिल तेवढे लावले, तर बाहेरचे आवरण चिरायला आणि पाणी आत जायला वेगळे कारण लागत नाही.

तरीही कारखान्यातून आलेल्या अखंड केबलपेक्षा घात होण्याची जागा म्हणजे जॉइंट, दोन तुकडे जोडतात ती. सेमीकॉनचा, म्हणजे एक्सएलपीईवरच्या अर्धवाहक आवरणाचा, काळा थर सोलताना सुरी अर्धा मिलिमीटर खोल गेली, की एक्सएलपीईवर चर पडतो. तो हाताला लागत नाही. वरून हीट श्रिंकची नळी तापवून आवळली, की हवा त्या चरात कायमची कोंडली जाते. काळा थर काचेच्या तुकड्याने खरवडायची रीतही सर्रास आहे. पुसताना फडके सोललेल्या टोकाकडून सेमीकॉनकडे न्यायचे; उलटे नेले तर काळी कणी एक्सएलपीईवर पसरते. हे सगळे जॉइंटरला ठाऊक असते. पण वर आभाळ भरून आलेले, खड्ड्यात पाणी झिरपते आहे आणि साहेबांचा ‘चार वाजता लाइन चालू करायची’ असा फोन, अशा वेळी कोणाचा हात स्थिर राहील?

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, मारतात. आकडा हजारो मेगओममध्ये येतो, केबल पास. येणारच! पोकळीच्या पुढे-मागे चांगले पॉलिथिन शिल्लक असते आणि मेगर तेवढेच मोजतो. डीसीच्या हायपॉटबद्दल, म्हणजे उच्च दाबाच्या चाचणीबद्दल, न बोललेलेच बरे. जुन्या, ओल लागलेल्या एक्सएलपीईत तो विद्युतभार साठवून ठेवतो आणि चाचणीत पास झालेली केबल नंतर बसते. पोकळी पकडायची तर एसीखाली, मग ती 0.1 हर्ट्झची का असेना, पीडीच मोजायला हवी. यंत्रे आहेत, पद्धती ठरलेल्या आहेत. कामाचा ताळेबंद मात्र किती किलोमीटर टाकली एवढ्यावरच मांडला जातो.

फॉल्ट काढण्याचीही गंमत पाहा. जळालेला भाग कापून मध्ये तुकडा घालायचा, म्हणजे एका फॉल्टपोटी दोन नवे जॉइंट. घाईत केलेले, बहुधा पावसातच. चार पावसाळ्यांत त्या केबलची काय अवस्था होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दोष मात्र ‘अतिवृष्टी’च्या नावावर चढतो.

म्हणून भूमिगत वीज मागणाऱ्या ग्रामपंचायतींनी किलोमीटरबरोबर एक वही मागावी : कोणता जॉइंट कोठे, कोणत्या तारखेला, कोणी केला, सोललेल्या केबलचा फोटो. आणि पीडीची चाचणी मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीत एकदाच उरकू नये. एक पावसाळा अंगावर घेतल्यावर, ऑक्टोबरात, ती पुन्हा व्हावी आणि ठेकेदाराची अनामत तोवर रोखून धरावी. त्याला नवा कायदा नको, निविदेत एक ओळ पुरते.