दारुड्याचे चित्र काढता, परवानेवाल्याचे कधी काढणार?

समाजातील दुर्गुणांवर प्रहार करणारा चित्रकार म्हणून इंग्लंडच्या विल्यम होगार्थचे नाव घेतले जाते. १७५१ साली त्याने लंडनच्या सेंट जाइल्स या गरीब वस्तीचे ‘जिन लेन’ हे चित्र कोरून छापले. जिन पिऊन बेभान झालेली आई पायरीवर बसली आहे आणि तिच्या हातून लेकरू खाली पडते आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने जिनच्या विक्रीवर निर्बंध घातले. या चित्राची ताकद आम्ही नाकारत नाही. आमचा सवाल वेगळा आहे.

चित्रात गहाणवट घेणारा सावकार आहे, दारू गाळणाऱ्याची पाटीही आहे. पण नजर खिळते ती त्या आईवर. ज्या जमीनदारांचे धान्य भट्टीला जात होते आणि ज्या संसदेने आधी कित्येक वर्षे दारू गाळायला उत्तेजन दिले, ते कुठे आहेत? व्यसन गरिबाचे दिसते, नफा कुणाचा ते दिसत नाही.

महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० साली, शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांनी जाब विचारला तो कारभाराला. त्याच लेखणीने १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. तो असूड कुणाच्या पाठीवर पडला, हे वाचकांना सांगायला नको.

आता आपल्या इनामगाव परिसराकडे, शिरूर-दौंडकडे पाहा. घोड आणि भीमेच्या काठी ऊस. उसापासून मळी, मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलवर सरकारचा महसूल. पण व्यसनमुक्तीच्या फलकावर, पथनाट्यात, मोबाइलवरच्या विनोदात झिंगलेला माणूस कोण असतो? फाटक्या बनियनमधला, वस्तीतला मजूर. परमिट रूमचा मालक किंवा परवाना देणारा साहेब त्या चित्रात का नसतो?

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही दारूचे समर्थन करता? मुळीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती आम्ही पाळतो. पण ती प्रतिज्ञा माणसाला ताठ उभे करते, त्याची टिंगल करत नाही.

म्हणून पुढचा फलक रंगवाल तेव्हा पिणाऱ्याच्या शेजारी गल्ला मोजणाराही रंगवा. तेवढे धाडस नसेल, तर आमच्या वस्तीवर हसण्याला समाजप्रबोधन म्हणू नका.

जय भीम!